पेशी पेशीला मारते, हे मोजायचे कसे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शेजारचा नववीतला मुलगा जीवशास्त्राचे पुस्तक हातात घेऊन माझ्याकडे आला. "काका, इथं लिहिलंय की रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी रोगट पेशींना ठार मारतात. पण पेशी मेली हे कळतं कसं? आणि ती आपोआपच मेली नाही, दुसरीनं मारली, हे कशावरून?"

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. जीवशास्त्र शाळेत सोडले ते सोडलेच. पण प्रश्नाचा दुसरा भाग ऐकून मी सावरून बसलो. "हे कशावरून?" हा प्रश्न कोणत्याही एका शास्त्राच्या मालकीचा नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता पेशींवरच संशोधन करते. तिला गाठले, तिच्या प्रयोगशाळेत दोन दुपारी बसलो, आणि गंमत अशी की तिच्या उत्तराच्या मध्यभागी किरणोत्सर्ग, अर्धायुष्य आणि गॅमा किरण निघाले! तेव्हा विद्यार्थिमित्रहो, हे उत्तर मी माझ्या पद्धतीने तुम्हांला सांगतो. शेवटी घरी करून पाहण्याचा एक प्रयोगही आहे. त्याला किरणोत्सर्गी पदार्थ लागत नाही, मंडईतले एक बीट पुरते.

प्रथम मारेकरी कोण ते पाहू. आपल्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरात साधारण ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या काही जंतूंना चक्क गिळतात. मेश्निकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात हे गिळणारे शिपाई पाहिले. (याच मेश्निकॉव्हचा विद्यार्थी हाफकिन पुढे मुंबईला आला आणि १८९७ साली त्याने प्लेगची लस तयार केली.) परंतु आपल्याला आज गिळणाऱ्या पेशींविषयी बोलायचे नाही. एखादा विषाणू आपल्याच पेशीच्या आत शिरून बसला, किंवा आपलीच पेशी बिघडून कर्करोगाची झाली, तर काय करायचे? तिथे ती अख्खी पेशीच नष्ट करावी लागते. हे काम मुख्यतः लसीकापेशींपैकी दोन जातींचे. एक जात थायमस ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडणाऱ्या मारक टी-पेशींची, आणि दुसरी नैसर्गिक मारक पेशींची. या दुसरीला इंग्रजी आद्याक्षरांवरून एनके पेशी म्हणतात.

या पेशी शरीरात काय करतात हे पाहणे अवघड, म्हणून त्यांना बाहेर काढून काचेच्या भांड्यात काम करायला लावायचे, ही कल्पना जुनी आहे. १९६० साली गोव्हार्ट्स या संशोधकाने एका कुत्र्याचे मूत्रपिंड दुसऱ्या कुत्र्याला बसवले. नंतर त्या दुसऱ्या कुत्र्याच्या लसीकापेशी काढून पहिल्याच्या मूत्रपिंडातल्या, भांड्यात वाढवलेल्या पेशींवर सोडल्या. मूत्रपिंडाच्या पेशींचा नाश झाला. शरीर परके अवयव का नाकारते याचा एक धागा तिथे हाती लागला. पण "नाश झाला" म्हणजे किती झाला? अर्धा? पाव? सूक्ष्मदर्शकातून पाहून "बराच" म्हणता येते. आणि "बराच" हा आकडा नव्हे.

आता शेजारच्या मुलाच्या प्रश्नाचा पहिला भाग. पेशी मेली हे कळते कसे? सर्वांत सोपा उपाय निळ्या रंगाचा. ट्रिपान ब्ल्यू नावाचा रंग पेशींच्या द्रावात टाकला, तर जिवंत पेशीचे पटल त्याला आत येऊ देत नाही. मेलेल्या पेशीचे पटल फाटलेले असते, ती निळी होते. रेघा आखलेल्या काचपट्टीवर थेंब घेऊन निळ्या किती, पांढऱ्या किती, हे मोजायचे. पद्धत स्वस्त आणि चांगली. पण दोन अडचणी आहेत. शंभर नमुने असे डोळ्यांनी मोजताना माणूस थकतो आणि थकलेला माणूस चुकतो. दुसरी अडचण अधिक गंभीर. जी पेशी पुरती विरघळून गेली ती निळीही दिसत नाही आणि पांढरीही दिसत नाही. लढाईतले मृत मोजायला गेलात आणि ज्यांचे प्रेतच सापडले नाही ते सोडून दिलेत, तर हिशेब कसा लागणार?

इथे युक्ती अशी सुचली, की प्रेते मोजायचीच नाहीत. पेशीच्या आत आधीच काहीतरी कोंडून ठेवायचे आणि पेशी फुटल्यावर ते किती बाहेर पडले ते मोजायचे. पाण्याचे फुगे किती फुटले हे फुगे न मोजता जमिनीवरच्या पाण्यावरून काढावे, तसे.

कोंडण्यासाठी निवडले ते क्रोमियम-५१. हे क्रोमियमचे किरणोत्सर्गी भावंड. त्याचे केंद्रक आपलाच एक इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि व्हॅनेडियम-५१ बनते. अशा शंभर घटनांपैकी सुमारे दहांत ३२० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा एक गॅमा किरण बाहेर पडतो. अर्धायुष्य सुमारे २७.७ दिवस. म्हणजे आज आलेली बाटली चार आठवड्यांनी निम्मी होते, आठ आठवड्यांनी पाव. प्रयोगाला हे सोयीचे. चार तासांच्या प्रयोगात क्षय नगण्य, आणि कचरा मात्र काही महिन्यांत जवळजवळ निरुपद्रवी.

पण क्रोमियमच का? याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि मला ते फार आवडले. सोडियम क्रोमेटच्या रूपातले क्रोमियम पेशीच्या पटलातून सहज आत जाते. आत गेल्यावर त्याचे क्षपण होते. षट्संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी होते आणि आतल्या प्रथिनांना चिकटून बसते. या नव्या रूपात त्याला पटल ओलांडता येत नाही. उंदराच्या सापळ्यासारखेच आहे हे, आत जाताना दार उघडते, बाहेर येताना नाही. पेशी फुटली तरच ते बाहेर पडते, आणि एकदा बाहेर पडले की दुसऱ्या पेशीतही सहसा शिरत नाही, कारण त्याचे रूप पालटलेले असते. हे शेवटचे नसते तर सगळा प्रयोग फसला असता. एका पेशीतून सुटलेले क्रोमियम शेजारणीने उचलले असते आणि हिशेबात मृत्यूच दिसला नसता. १९५० साली ग्रे आणि स्टर्लिंग यांनी तांबड्या पेशींना खूण करण्यासाठी हेच क्रोमियम वापरले होते. १९६८ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ब्रुनर, सेरोत्तिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारक लसीकापेशींचे काम मोजण्यासाठी त्यावर आधारलेली पद्धत बसवली, आणि पुढची कित्येक दशके जगभर तीच प्रमाण मानली गेली.

प्रयोग असा करतात. ज्यांना मारायचे त्या पेशींना आपण "लक्ष्यपेशी" म्हणू. त्या क्रोमेटच्या द्रावात तासभर ठेवायच्या, मग दोन-तीनदा धुऊन बाहेरचे क्रोमियम काढून टाकायचे. ९६ खळग्यांची एक प्लॅस्टिकची थाळी असते, आपल्या आप्पेपात्राची चिमुकली बहीणच म्हणा. प्रत्येक खळग्यात १० हजार लक्ष्यपेशी टाकायच्या. त्यांवर मारक पेशी, कुठे दहा हजार, कुठे एक लाख, कुठे त्याहून जास्त. थाळी उबवणपेटीत ३७ अंश सेल्सिअसला चार तास ठेवायची. मग पेशी तळाशी बसवून वरचा द्राव अलगद काढून घ्यायचा आणि गॅमा गणकयंत्रात त्यातले क्रोमियम मोजायचे. यंत्रात सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो. गॅमा किरण त्यात शोषला गेला की प्रकाशाचा सूक्ष्म ठिपका चमकतो आणि प्रकाशगुणक नळी त्याची विद्युत्स्पंदात मोजदाद करते.

इथे मला एक शंका आली. खळग्यात ०.२ मिलिलीटर द्राव, त्यात सगळ्या मिळून १ लाख १० हजार पेशी. प्रत्येक पेशी जेमतेम १० मायक्रोमीटर रुंद. हिशेब केला, तर दोन पेशींमधले सरासरी अंतर सुमारे १२० मायक्रोमीटर येते. म्हणजे पेशीच्या रुंदीच्या बारा पट. केवळ ब्राउनीय हालचालीने एवढे अंतर जायला एवढ्या जाड पेशीला किती वेळ लागेल? आइन्स्टाइनच्या सूत्रात आकडे घातले, तर उत्तर सुमारे दहा तास येते! मग चार तासांत त्या भेटतात कशा? मी हे विचारताच आमची विद्यार्थिनी हसली आणि म्हणाली, "सर, खळग्याचा तळ गोल असतो ना!" खरेच. पेशी पाण्यापेक्षा किंचित जड असतात. स्टोक्सच्या नियमाने त्यांचा बुडण्याचा वेग सेकंदाला चारेक मायक्रोमीटर येतो. पाच मिलिमीटर खोल खळग्याच्या तळाशी त्या वीस मिनिटांत पोचतात आणि गोल तळामुळे मध्यभागी गोळा होतात. घाई असेल तर थाळी यंत्रात हलकेच फिरवूनही हे साधते. अकरावीत स्टोक्सचा नियम शिकवताना मी तेलात बुडणाऱ्या छऱ्याचे उदाहरण देत आलो. यंदापासून हे देणार आहे.

आता मुलाच्या प्रश्नाचा दुसरा, खरा भाग. पेशी आपोआप मेली नाही हे कशावरून? यासाठी त्याच थाळीत दोन जास्तीच्या रांगा असतात. एका रांगेत फक्त लक्ष्यपेशी, मारक पेशी मुळीच नाहीत. तिथे चार तासांत जे क्रोमियम बाहेर येईल ती "आपोआप गळती". दुसऱ्या रांगेत लक्ष्यपेशींवर साबणासारखे द्रव्य घालून सगळ्याच फोडून टाकतात. ती "कमाल गळती". मग सूत्र सोपे आहे. प्रयोगातल्या गळतीतून आपोआप गळती वजा करा. कमाल गळतीतूनही आपोआप गळती वजा करा. पहिल्या वजाबाकीला दुसरीने भागा आणि शंभराने गुणा.

समजावण्यापुरते आकडे घेऊ. एका मिनिटात यंत्राने आपोआप गळतीचे ४०० ठोके मोजले, कमाल गळतीचे २४००, आणि मारक पेशी असलेल्या खळग्याचे १४००. तर १४०० वजा ४०० म्हणजे १०००. २४०० वजा ४०० म्हणजे २०००. उत्तर ५० टक्के. निम्म्या लक्ष्यपेशी मारक पेशींनी मारल्या.

आता जरा थांबा. हे ५० म्हणजे नेमके ५० आहे काय? किरणोत्सर्गाची प्रत्येक घटना यदृच्छेने घडते. त्यामुळे १४०० ठोके पुन्हा मोजले तर १३७० येतील, कदाचित १४३०. अशा मोजणीत साधारण चूक त्या आकड्याच्या वर्गमुळाएवढी असते, म्हणजे १४०० ला सुमारे ३७. तिन्ही मोजण्यांच्या चुका एकत्र केल्या, तर आपले उत्तर ५० अधिक-उणे सव्वादोन टक्के असे येते. तेव्हा कुणी "माझ्या औषधाने मारण्याचे प्रमाण ५० वरून ५२ झाले" असे सांगू लागला तर त्याला नम्रपणे विचारावे, की किती वेळ मोजलेत? म्हणूनच प्रत्येक गोष्ट निदान तीन-तीन खळग्यांत करतात. शिक्षकमित्रांना सुचवावेसे वाटते, की चुकांचा हिशेब शिकवायला दोलकापेक्षा हे उदाहरण मुलांना जास्त भिडेल.

आमच्या विद्यार्थिनीने सुरुवातीचे दोन महिने याच सूत्रापायी घालवले होते. तिच्या प्रयोगात आपोआप गळतीच १२०० येई, म्हणजे कमाल गळतीच्या निम्मी! आकडे घालून पाहा. प्रयोगाची गळती तीच १४०० धरली, तर उत्तर १७ टक्के येते आणि त्यात चूक चार टक्क्यांची. लक्ष्यपेशी मारेकऱ्याची वाटच पाहत नव्हत्या, आपणच मरत होत्या. कारण अगदी साधे निघाले. भांड्यात पेशींची फार दाटी होईपर्यंत ती त्यांना वाढू देई, मग घाईघाईने जोरात धुई. अर्धमेल्या पेशी पटलाला सांभाळणार कशा? ताज्या, मोकळ्या वाढणाऱ्या पेशी घेतल्या आणि पिपेटचा हात हलका केला, तेव्हा गळती उतरली. "पण सर, त्या दोन महिन्यांची वही मी फाडली नाही," ती म्हणाली. मला हे ऐकून बरे वाटले.

या पद्धतीने कोणकोणती कोडी सुटली, त्यांतली दोन सांगतो. १९७४ साली ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे डोहर्टी आणि त्सिंकरनागेल यांनी उंदरांना एका विषाणूची बाधा केली आणि त्यांच्या मारक टी-पेशी काढल्या. या पेशी विषाणूबाधित लक्ष्यपेशींना मारत होत्या, हे अपेक्षितच. पण लक्ष्यपेशी दुसऱ्या जातीच्या उंदराच्या घेतल्या, तर विषाणू तोच असूनही क्रोमियम बाहेर येईना! म्हणजे टी-पेशी नुसता विषाणू ओळखत नाही. प्रत्येक पेशी आपल्या पटलावर स्वतःची ओळख सांगणारी प्रथिने मिरवते आणि आतल्या प्रथिनांचे तुकडे त्यांत धरून दाखवते. टी-पेशी ही दोन्ही मिळून वाचते. या शोधाला १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे कोडे एनके पेशींचे. १९७५ च्या सुमारास स्वीडन आणि अमेरिका येथील संशोधकांना एक त्रासदायक गोष्ट दिसत होती. ज्यांना कधीच कसली बाधा केली नव्हती अशा प्राण्यांच्या लसीकापेशीही काही कर्कपेशींना मारत. पुष्कळांनी ही प्रयोगातली घाण समजून वजा करून टाकली. काहींनी मात्र तिचाच पाठपुरावा केला आणि नैसर्गिक मारक पेशी सापडल्या. त्यांचे खास लक्ष्य म्हणजे के-५६२ नावाच्या पेशी. रक्ताचा कर्करोग झालेल्या एका स्त्रीच्या शरीरातून १९७० साली घेतलेल्या पेशींची ही वंशावळ आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढते आहे. या पेशींवर ओळख सांगणारी ती प्रथिने जवळजवळ नसतात. रेल्वेच्या तिकीट तपासनीसाचे उदाहरण घ्या. टी-पेशी तिकीट हातात घेऊन त्यावर काय छापले आहे ते वाचते. एनके पेशी फक्त पाहते, की तिकीट आहे की नाही. विषाणू किंवा कर्करोग लपण्यासाठी ओळखीची प्रथिनेच दडवतो तेव्हा टी-पेशी फसते, पण एनके पेशीच्या तावडीत तो सापडतो.

के-५६२ सारख्या पेशी हव्या असतील तर परदेशी जायला नको. गणेशखिंडीत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ही संस्था आहे. एनसीसीएस या नावाने ती ओळखली जाते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेशी आणि ऊतिसंवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून तिची सुरुवात झाली. तिथल्या पेशीभांडारातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात. साठवण उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. विद्यापीठाच्या रस्त्याने तुम्ही कितीदा गेला असाल! पलीकडे झाडांमागे हजारो कुप्यांत पेशी गोठून झोपल्या आहेत, हे माझ्याही गावी नव्हते.

मारण्याची रीत काय, हेही प्रयोगशाळेतच उलगडले. मारक पेशी लक्ष्याला घट्ट चिकटते. तिच्या पोटात आम्लधर्मी कणिका असतात, त्या चिकटलेल्या बाजूला सरकतात आणि दोन पेशींमधल्या चिंचोळ्या फटीत रिकाम्या होतात. त्यांतून पर्फोरिन नावाचे प्रथिन बाहेर पडते. त्याचे रेणू लक्ष्यपेशीच्या पटलात कडे करून बसतात आणि पंधरा-वीस नॅनोमीटरचे भोक पडते. हे होण्यास कॅल्शियम लागते. द्रावातले कॅल्शियम बांधून टाकणारे रसायन घातले, तर पेशी चिकटतात पण मारणे थांबते. या साध्या प्रयोगाने चिकटणे आणि मारणे या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत हे दाखवून दिले. पर्फोरिनच्या मागोमाग ग्रँझाइम नावाची विकरे, म्हणजे एन्झाइमे, लक्ष्यपेशीत शिरतात आणि तिच्या आतच असलेली आत्मनाशाची यंत्रणा चालू करतात. खरा घाव हाच. भोक पाडणारा दार उघडतो, आत जाणारा दिवा मालवतो. १९९४ साली पर्फोरिनचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्या मारक पेशींची ताकद कमालीची घटली आणि काही विषाणूंचा बंदोबस्त त्यांना करता येईना. माणसांतही काही बालके पर्फोरिनच्या जनुकात दोष घेऊन जन्मतात. तो आजार प्राणघातक असतो.

यातून क्रोमियमच्या पद्धतीची एक उणीव तुमच्या लक्षात आली असेल. ती फक्त पटल फुटलेले पाहते. आत्मनाश सुरू झालेली, पण अजून न फुटलेली पेशी तिच्या लेखी जिवंतच! शिवाय ती सरासरी सांगते. वरच्या उदाहरणात १ लाख मारक पेशींनी चार तासांत ५ हजार लक्ष्यपेशी मारल्या, म्हणजे वीस जणींत मिळून एक. पण १९७० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाला चलत्‌चित्राचा कॅमेरा लावून पाहिले, तेव्हा एकच टी-पेशी एकामागून एक लक्ष्ये मारताना दिसली. मग बाकीच्या काय करत होत्या? बहुतेक काहीच नाही. वर्गाची सरासरी ५० आली म्हणून प्रत्येक मुलाला ५० गुण पडलेले नसतात, तसेच हे. आणि काचेतले सगळे शरीरात तसेच घडते असेही नाही. २०१६ साली जर्मन संशोधकांनी जिवंत उंदराच्या शरीरात विषाणूबाधित पेशी मरताना सूक्ष्मदर्शकाने पाहिल्या. तिथे एका टी-पेशीमागे दिवसाला २ ते १६ पेशी एवढाच वेग भरला.

आज पुष्कळ ठिकाणी क्रोमियमऐवजी चमकणारे रंग आणि लेसर वापरतात. किरणोत्सर्गी कचऱ्याची कटकट नको, आणि एकेक पेशी वेगळी पाहता येते. दुसऱ्या एका पद्धतीत लक्ष्यपेशी सोन्याच्या विद्युताग्रांवर वाढवतात आणि विद्युत्प्रवाहाला त्यांचा होणारा विरोध मोजत राहतात. पेशी मेल्या की त्या सुटतात, विरोध घटतो. पदार्थविज्ञानवाल्यांची ही आणखी एक घुसखोरी! पण आपोआप गळती आणि कमाल गळती या दोन रांगा कुठल्याही पद्धतीत सुटलेल्या नाहीत.

एवढी काटेकोर मोजणी कशासाठी? याचे उत्तर मुंबईत मिळते. रक्ताच्या काही कर्करोगांत बी-पेशी नावाच्या लसीकापेशी बिघडून वाढतात. त्यांच्या पटलावर सीडी-१९ हे प्रथिन असते. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, सीडी-१९ ओळखणाऱ्या एका कृत्रिम ग्राहीचे जनुक त्यांत घालायचे, त्या वाढवायच्या आणि रुग्णाला परत द्यायच्या. ही कार-टी उपचारपद्धती. अमेरिकेत तिला २०१७ साली मान्यता मिळाली, पण किंमत कोट्यवधी रुपयांची. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी ग्राही इथेच तयार केली. ४ जून २०२१ रोजी टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील केंद्रात देशातील पहिला कार-टी उपचार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार-१९' या नावाने औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ती देशाला अर्पण झाली. किंमत परदेशातील किमतीच्या सुमारे एकदशांश. तरीही ती लाखांच्या घरात आहे, आणि साध्या घरातल्या माणसाला ती परवडते असे मी म्हणणार नाही.

अशा पेशी माणसाला देण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळवावी लागतात. सीडी-१९ असलेल्या कर्कपेशी त्या मारतात का? आणि सीडी-१९ नसलेल्या पेशींना त्या सोडून देतात का? दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व जास्त. अशा वेळी आपली ओळखीची के-५६२ उपयोगी पडते, कारण तिच्यावर सीडी-१९ नसते. मात्र मिश्रणात एनके पेशी राहून गेल्या असतील तर त्या के-५६२ ला मारतील आणि दोष टी-पेशींच्या माथी येईल. म्हणून त्याच व्यक्तीच्या, पण कृत्रिम ग्राही न घातलेल्या पेशींचीही एक रांग ठेवतात. "हे कशावरून?" हा प्रश्न इथे असा पावलोपावली उभा राहतो.

नेक्सकार-१९ च्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला. हे सर्व रुग्ण आधीचे उपचार थकलेले होते, हे ध्यानात घ्या. पण काहींचा आजार काही महिन्यांत उलटला, हेही त्याच अहवालात आहे. निरोगी बी-पेशींवरही सीडी-१९ असते, त्यामुळे त्याही मरतात. त्यांच्याविना माणूस काळजी घेऊन जगू शकतो. यकृताच्या किंवा फुप्फुसाच्या पेशींविना जगता येत नाही, आणि म्हणूनच घन गाठींच्या कर्करोगांत ही युक्ती अजून तशी लागू पडलेली नाही. फक्त गाठीवर आहे आणि इतरत्र नाही, असे प्रथिन सापडणे कठीण.

आता बीटाचा प्रयोग. बीटाचा लाल रंग पेशींच्या आत कोंडलेला असतो, आपल्या क्रोमियमसारखाच. मोठ्या माणसाच्या मदतीने बीटाचे एकाच मापाचे, सेंटिमीटरभर लांबीचे पंधरा तुकडे कापा. कापताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जावा म्हणून ते नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. घाई करू नका, आमच्या विद्यार्थिनीचे दोन महिने आठवा. पाच तुकडे छोट्या पिशवीत घालून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. उरलेले दहा ओल्या फडक्यात गुंडाळून कप्प्याबाहेर ठेवा.

सकाळी ते दहा पुन्हा धुवा. तीन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. पहिल्यात ताजे पाच तुकडे, ही आपोआप गळती. दुसऱ्यात बर्फातले पाच, पिशवीत सुटलेल्या रसासकट, ही कमाल गळती. तिसऱ्यात ताजे पाच, पण पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा अर्धा चमचा. अर्ध्या तासाने तुकडे काढून घ्या. दुसऱ्या पेल्यातले थोडे पाणी निम्मे, पुन्हा निम्मे, पुन्हा निम्मे असे पातळ करत जा, म्हणजे १००, ५०, २५ आणि साडेबारा अशी रंगांची पट्टी तयार होईल. इतर दोन पेले पांढऱ्या कागदापुढे धरून या पट्टीशी ताडून पाहा आणि सूत्रात आकडे घाला. साबणाचे प्रमाण बदलून आलेख काढा. पहिला पेला २५ च्या वर गेला, तर तुकडे नीट धुतले नाहीत असे समजून पुन्हा सुरुवात करा. आणि ते आकडे वहीतून खोडू नका.